हिसार्यात आणलेली मांजरी

हिसार्या,
१७ ऑक्टोबर

प्रिय नेव्हेना,

तू आणि तुझ्या घरची सगळी खुशाल असाल असं धरून चालते. वार्नाला एव्हाना समुद्रावरचा वारा बोचायला लागला असेल. नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नकोस.

मी इथे दोनामावशी नावाच्या एका म्हातारीकडे खोली घेऊन राहिले आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, आलुबुखार उतरवताना, दोब्रीला अर्धांगाचा झटका आला. प्लोव्हदिवच्या इस्पितळातून त्याला इथल्या गरम झऱ्यांच्या दवाखान्यात हलवलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द राहिला. ते आमच्या मांजरीचं नाव होतं. दिवसभर तेच. मग मी घरी गेले आणि मांजरीला घेऊन आले.

आणलं कसं, ते विचारू नकोस. वेताची टोपली, वर फडकं बांधलेलं, दोन बस बदलायच्या. घाट उतरेपर्यंत ती ओरडत होती. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आत मांजर आहे की विहीणबाई?" सगळी बस हसली. मीही हसले. तोवर टोपलीतून ओल माझ्या मांडीवर आली होती.

खोलीत सोडली तशी ती न्हाणीतल्या टबाखाली शिरली, ती बाहेरच येईना. मी झाडूने ढकलायला गेले, तर दोनामावशीने झाडू हिसकावून घेतला. "तुला कुणी असं काढलं असतं तर आली असतीस? झाडू बाहेरच राहू दे. दार लोटून घे. तिला एवढी न्हाणीच पुरे, अख्खी खोली तिला जड होईल."

मग तिने सांगितलं तसं केलं. माझ्या नवऱ्याचा न धुतलेला स्वेटर टबापाशी ठेवला. जेवण रोज त्याच वेळी, त्याच बशीत. तिच्याकडे बघायचं नाही, नुसतं जमिनीवर बसून बोलायचं. काय बोलायचं? मी कोबीची लोणची कशी घालायची ते सांगितलं, शेजारणीच्या सुनेच्या चुगल्या सांगितल्या. तीन दिवस तिने दह्याला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. मी हललेसुद्धा नाही. पाय बधिर झाला तरी बसून राहिले. या वयात इतकी वाट पाहणं मला जमेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परिचारिकेने दोब्रीला चाकांच्या खुर्चीतून बागेत आणलं. मी टोपली उघडून मांजरी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने डाव्या हाताने तिला कुरवाळलं, दोनदा. मग हळूच बाजूला सारलं आणि फाटकाकडे बघत म्हणाला, "नेना."

हो, मांजरीचं नाव नेना, तुझंच लाडाचं नाव. तुझ्याशी बोलणं तोडल्यावर दोन वर्षांनी ती अंगणात आली, आणि नाव त्यानेच ठेवलं. "ही पण हाक मारली की येत नाही," असं म्हणायचा. मला ते टोमणेच वाटायचे.

मी म्हटलं, "ही काय नेना, तुझ्यापाशीच तर आहे." त्याने मान हलवली. परत फाटकाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला उजवा हात उचलू गेला, तो उचलला गेला नाही.

नेव्हेना, मला त्याच क्षणी कळलं. तो एकोणतीस सप्टेंबर होता. तारीख मुद्दाम सांगते, कारण नंतर मी स्वतःलाही फसवलं असतं.

तीस तारखेला मी पाकीट आणलं. पत्ता लिहिला. आत काही घातलं नाही. चौतीस वर्षं त्या माणसाला रांधून वाढलं, आणि देवाने त्याच्या तोंडी एकच नाव ठेवलं, तर ते माझं नसावं? मनाशी म्हटलं, आधी "राइना" म्हणू दे, मग बोलावते तिला. रोज त्याच्यासमोर बसून माझं नाव त्याला शिकवत होते, लहान पोराला शिकवतात तसं. तो ऐकायचा, हसायचा, आणि तुझं नाव घ्यायचा.

दहा ऑक्टोबरला सकाळी त्याला दुसरा झटका आला. दोब्री गेला, नेव्हेना.

गावी नेऊन आईशेजारी ठेवला. तुला मी कळवलं नाही. काय तोंडाने कळवणार होते? तू आईला वार्नाच्या वृद्धाश्रमात ठेवलंस, ती तिथेच गेली, म्हणून "मला बहीण नाही" असं तो तिच्या कबरीवर बोलला होता. तेव्हा मी त्याचा हात धरला नाही. मला ते बरंच वाटलं होतं. हेही आज लिहून टाकते. दारावर निधनाचा कागद लावला, त्यात मात्र "पत्नी राइना आणि बहीण नेव्हेना" असं छापून घेतलं. लोक वाचून विचारायचे, "बहीण कुठाय?" मी म्हणायचे, "येतेय."

काल मांजरीला आणि त्याच्या कपड्यांना न्यायला इथे परत आले. दोनामावशीने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मांजरी खिडकीत, उन्हात, पोट वर करून झोपली होती. घरीसुद्धा ती अशी झोपत नाही. आता तिला परत त्या टोपलीत कोंबायचं माझ्याने होत नाही. टोपली उघडी करून कोपऱ्यात ठेवली आहे. स्वतःहून आत जाऊन बसेल तेव्हा निघेन. दोनामावशी म्हणते, घाई करशील तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

अठरा नोव्हेंबरला चाळिसावा आहे. कबरीवर वाटायला गहू मी शिजवीन. तू ये. तुला जे बोलायचं आहे ते सगळ्यांदेखत बोल, मी मान वर करणार नाही. आली नाहीस तरी दोष देणार नाही. पण तो तुला बोलावत होता आणि निरोप अकरा दिवस माझ्यापाशी अडकला होता, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

वहिनी म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही, म्हणून नुसती,
राइना