मागच्या सोफ्यावरून ऐकलेलं

बेंगळूर,
१४ सप्टेंबर १९९८

प्रिय प्रतिमा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही आणि नेहमीप्रमाणे कामावर बिल फाडलं. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. स्टुडिओत देवरनाम्यांच्या, म्हणजे कानडी भजनांच्या, कॅसेटांचा पूर आलाय. धंदा जोरात आहे, फक्त प्रत्येक कॅसेटबद्दल चिकपेटेतल्या दुकानदारांची एकच तक्रार असते: नुसतं धडाम धडाम वाजतं, गाणारा कुठे गेला?

मी काय काय केलं नाही! टेपची हेड्स पुसली, वायरी बदलल्या, कॉप्या काढणाऱ्याशी भांडलो, रिक्षावाल्यांच्या डब्बा प्लेअरना शिव्या घातल्या. माझंच मिक्सिंग चुकत असेल हे काही डोक्यात आलं नाही. पंधरा वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात ते येत नाही. गेल्या महिन्यात पाठ धरली म्हणून गाणं चालू ठेवून मागच्या भिंतीलगतच्या सोफ्यावर जाऊन टेकलो, तर बेस छातीवरच बसला. उठून खुर्चीत आलो, बेस गायब. माझी खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर. तिथे जाड सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि भिंतीपाशी तेच दुप्पट होतात. मला कमी ऐकू यायचे म्हणून मी वाढवत राहायचो. खुर्ची दोन हात पुढे ओढली, आवाज अगदी बारीक केला आणि गळा बुडत नाही ना, एवढंच ऐकत बेस खाली आणला. अर्ध्या तासाचं काम होतं.

त्र्याण्णव साली तू त्याच सोफ्यावर बसली होतीस. तुझी पहिली कॅसेट. ‘अण्णा, बेस स्वल्प जास्त होतोय का? माझा आवाज खाली जातोय,’ इतकंच म्हणालीस. मालक सूर्यकांतशेठ आणि सगळे वादक यांच्यासमोर मी शहाणपण पाजळलं की बेस बरोबर आहे, तुझा गळाच कमी पडतोय. सगळे हसले. तू नुसतं ‘सरी’, बरं, म्हणालीस. कॅसेट पडली. पोरीच्या गळ्यात दम नाही असं सगळीकडे झालं, आणि मी ते खोडून काढलं नाही, कारण सुरू मीच केलं होतं. तू गाणं सोडलंस, पहिल्या आलेल्या स्थळाला होकार देऊन दावणगेऱ्याला गेलीस. खरं सांगू, मला तुझाही राग येतो. लहानपणी पेरूच्या एका फोडीसाठी माझे केस उपटणारी तू, त्या दिवशी भांडली का नाहीस? हाताला धरून मला त्या सोफ्यावर नेऊन का बसवलं नाहीस? हा राग खोटा आहे, मला माहीत आहे. कुणावर तरी काढायला हवा म्हणून काढतो.

गेल्या सोमवारी शेठनी तुझी मूळ टेप काढायला लावली. संगीत चांगलं आहे, बेस तू आता ठीक करतोसच, यावर नवी गायिका घेऊ, म्हणाले. मी वाद्यांचे सगळे खटके खाली ओढून तुला एकटीला ऐकलं. तुझा गळा कुठेही कमी नव्हता, प्रतिमा. एकाही गाण्यात नाही. हिचीच कॅसेट बॅलन्स नीट करून पुन्हा काढू, एवढं वाक्य ओठांवर आलं होतं. पण मग पाच वर्षांपूर्वी चूक माझी होती हे शेठसमोर कबूल करावं लागलं असतं. तुझ्या आवाजाची कॉपी काढून ठेवायलाही थोडा वेळ मागावा लागला असता. तोही मागितला नाही. नवी मुलगी माईकपुढे उभी राहिली आणि तुझ्या ट्रॅकवर रेकॉर्डचं बटण मी माझ्या हाताने दाबलं. चार दिवसांत ती आठही गाणी गायली, आणि तू आठही गाण्यांतून पुसली गेलीस. दसऱ्याला कॅसेट दावणगेऱ्यातही येईल. वाद्यं तुझ्या ओळखीची असतील, बॅलन्स अगदी नीट असेल. एखाद्या दुकानासमोर उभी राहून तुला हे कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

तरीही तुझाच,
रघुअण्णा