सोळा अँपिअर

६ ऑक्टोबर, रीडिंग, इंग्लंड

पुन्हा वीज गेली. चूक माझीच. रीलवरची वायर पूर्ण न उलगडता किटली आणि हीटर एकदम लावले. वायर तापली, कटआउट पडला. एकतीस वर्षं बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात वायरिंग सांभाळलं — आणि ही अक्कल!

सुहासच्या घरासमोरच्या ड्राइव्हवर, या चाकांवरच्या मोटरहोममध्ये, आज पंचविसावा दिवस. "बॉक्स रूम रिकामी होईपर्यंतच हं बाबा," असं म्हणाला होता पोरगा. त्या अडगळीच्या खोलीच्या भरवशावर तिकडचं घर सोडलं. बायको, द्रौपदी, गेल्यावर तिथे एकट्याने राहवेना.

९ ऑक्टोबर

घरातला प्लग तेरा अँपिअरचा. म्हणजे तीन किलोवॉटच्या आत भागवायचं. हीटरला दीड, किटलीला दोन — कसं जमणार? कॅम्पसाइटवर निळा गोल पॉइंट असतो, सोळाचा. तिथे दोन्ही चालतात. इथे अडॅप्टर लावून घरातलीच वीज ओढतो. चहा हवा तर हीटर बंद. चहा होईस्तोवर पाय बर्फ.

वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते, म्हणून ती फटभर उघडी असते. नातीचं, अन्वीचं हसणं ऐकू येतं. सूनबाई स्नेहलचं बोलणंही — "किती गारठा येतो रे आत, सुहास!" मी ऐकलं नाही असं धरून चालतो.

१५ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. कोणी फिरकलं नाही.

२० ऑक्टोबर

बर्मिंगहॅमहून मित्राचा, धम्मदीपचा फोन. जय भीम झाल्या झाल्या पहिला प्रश्न — "खोली मिळाली का रे?" मिळाली म्हणालो. खिडकीतून काय दिसतं? झाडं, म्हणालो. फोन ठेवल्यावर रडू आलं. या वयात खोटं बोलतोय, तेही खोलीसाठी.

२६ ऑक्टोबर

अन्वी आली होती. "आजोबा, तुझा घर खूप क्यूट आहे." म्हटलं, माझं घर नाही गं हे, थोड्या दिवसांपुरतं आहे. बिस्किट घेऊन पळाली.

२ नोव्हेंबर

प्लगने हाताला चटका दिला. सुहासला बोलावून दाखवला. नीट समजावलं — घरातला सॉकेट चार दिवसांसाठी ठीक, असा रोज राबवता येत नाही. रोज वापरायचं तर बाहेरच्या भिंतीवर स्वतंत्र सोळाचा पॉइंट हवा, वेगळा ब्रेकर हवा, इलेक्ट्रिशियन हवा. मनात होतं, एवढी उस्तवार ऐकून तो म्हणेल, जाऊ द्या बाबा, आतच या.

त्याने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. किती दिवसांनी माझं एवढं मन लावून ऐकलं त्याने. बरं वाटलं.

९ नोव्हेंबर

सकाळी बॉक्स रूममध्ये स्नेहलचं ऑफिसचं टेबल लागलं. दुपारी भिंतीवर निळा पॉइंट बसला. सुहास खूश — "बाबा, आता वर्षानुवर्षं बघायला नको."

तपासून पाहिलं. काम चोख आहे.