बंद फ्रिजचा आवाज

प्रिय आई, इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझी नात चिमणी आता वर्गात एका जागी बसते. लक्ष लागावं म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तेव्हापासून तिच्या बाई भलत्याच खूश आहेत.

मध्यंतरी ती म्हणाली, "बाबा, आपला फ्रिज सारखा वाजतो." लोकांचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या घरात ही तक्रार! मी कॉम्प्रेसरखालची रबरं बदलली, पंखा बदलला. तरी तिचं आपलं तेच. शेवटी वैतागून प्लगच उपटला आणि म्हटलं, "आता बोल!" ती कानांवर हात ठेवून तशीच उभी. तिला तसंच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, कानातला आवाज गोळीमुळे असू शकतो, नसेलही. गोळी तूर्त थांबवलीय, सोमवारी कान तपासणार आहेत. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

"अगं, आधी का नाही बोललीस?" असं मी तिला विचारलं. म्हणाली, "शाळेतपण येतो तो आवाज. मला वाटलं, शहाण्यासारखं बसलं की सगळ्यांनाच येतो."

औषधं वेळेवर घे, आई.

तुझा,
धाकटा