माझा कायदा

३ मार्च, सकाळी
लेकीच्या पोहण्याच्या सरांची चिठ्ठी आली. स्पर्धेआधी प्रत्येक मुलाच्या हृदयाची तपासणी हवी. मी विमा कंपनीतच क्लेम तपासतो. बायकोला छातीठोकपणे सांगितलं, खर्च कंपनी देईल.

३ मार्च, संध्याकाळी
देत नाही. मुलाला त्रास होत असेल तरच देते. नकाराचं पत्र गेली नऊ वर्षं माझ्याच सहीनं जातं म्हणे. वाचलं. भाषा सुरेख आहे.

५ मार्च
निश्चय. कायदाच बदलायचा! मुलांची हृदयतपासणी विम्यात सक्तीची. विम्याच्या नियमांवर बसलेली सरकारी समिती अठराला लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. बायको म्हणाली, तोवर तपासणी करून घेऊ. म्हटलं, थांब, तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ मार्च
भाषण 'सन्माननीय अध्यक्ष' इथपर्यंत लिहून झालं. सुरुवात दमदार.

११ मार्च
बायको थांबली नाही. लेकीच्या ठोक्यांत गडबड निघाली. पोहणं बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, छोटीशी प्रोसिजर करू, बरी होईल. लेक म्हणाली, बाबा, रडू नका, मला काहीसुद्धा दुखत नाहीये.
रडत नव्हतो. सर्दी आहे.

१८ मार्च, दुपारी
भाषण अफाट झालं! चाळीस मिनिटं. एक आजोबा तर डोळे पुसत होते. बायको लेकीला घेऊन मागून येणार होती, दिसली नाही. गर्दीत जागा मिळाली नसेल.

१८ मार्च, संध्याकाळी
खोली चुकली. माझी समिती पार्किंगची होती. बायको बरोबर खोलीत गेली. लेकीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हिला काहीच त्रास नव्हता, म्हणून विमा कंपनीनं खर्च नाकारला. अध्यक्षबाईंनी तिला अर्धा तास बसवून घेतलं.
तरी पार्किंगवाल्यांनी माझ्या म्हणण्याची नोंद घेतली आहे.

२ एप्रिल
प्रोसिजर झाली. लेक ठणठणीत. शुद्धीवर येताच भूक लागली म्हणाली. मला चक्कर आली, नर्सनं मलाच आधी बिस्किट दिलं.

३० जून
कायदा झाला! वातावरण मी तयार केलं, हे उघड आहे. लेक पुन्हा पाण्यात. बायकोला ठिकठिकाणी बोलायला बोलावतात. तिला म्हटलं, भाषणाचे मुद्दे देऊ का? नको म्हणाली.

१ जुलै
साहेबांनी नव्या नियमाचं टेबल मला दिलं. म्हणाले, तुमच्या घरचाच विषय. अखेर कदर झाली. दहा वाजता पहिला फोन. एका आईनं विचारलं, ही तपासणी मुलाच्या कितव्या वर्षापर्यंत मिळते?
नियम अजून वाचलेला नाही. तिला थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या फोनवरून बायकोला विचारलं.