माटोळी बांधायला कुणाला शिकवलंस?

प्रिय मावशी,

तुला फोन लावायची सवय अजून सुटली नाही. आज ड्युटी संपवून धारगळला बसमधून उतरले आणि तुझा नंबर काढलाही. मग आठवलं, मार्गशीर्षात तू गेलीस. पण विचारायचं ते पोटात राहीना, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी गंमत ऐक. तुरुंगात नोकरी करणाऱ्या आम्हा बायकांना खात्याने फोंड्याला प्रशिक्षणाला धाडलं. विषय काय, तर नेतृत्व आणि पर्यावरण! तू हसली असतीस. कुलपं लावायला आणि उघडायला नेतृत्व कशाला लागतं गो, असं म्हणाली असतीस. मीसुद्धा जाताना तसंच म्हटलं होतं.

पण शिकवणारी बाई हुशार निघाली. तिने विचारलं, तुम्ही उद्यापासून आठ दिवस आला नाहीत तर कोणतं काम अडेल? आमच्यात चढाओढच लागली. माझ्यावाचून हे अडतं, माझ्यावाचून ते अडतं. सगळ्यांचं सांगून झाल्यावर तिने शांतपणे विचारलं, मग ते काम तुम्ही कुणाला शिकवलंय?

कुणीच कुणाला काही शिकवलं नव्हतं. आणि मावशी, मला तू आठवलीस. स्टुलावर चढलेली, खाकी साडीचा पदर कमरेला खोचलेली.

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या पुढल्या वर्षी तू तुरुंगाच्या महिला विभागात रुजू झालीस. आरती मराठीत म्हणायचीस आणि ओरडायचीस कोंकणीत. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला फळं बांधलेली माटोळी हवीच, हा हट्टही तुझाच. पण घरोघरी माटोळी बांधतात पुरुष, आणि आपल्या विभागात पुरुषाला पाऊल टाकायची बंदी. कैदी बायकांना रानातलं प्रत्येक फळ ओळखता यायचं, गाठ मात्र कुणालाच येत नव्हती. तुला कशी येत होती? हळर्णच्या घरात आजोबा लवकर गेले म्हणून तू लहानपणीच शिकलीस, असं आई सांगते. तुला कुणी शिकवलं, हे तिलाही ठाऊक नाही. मी इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली आणि एवढंसं विचारलं नाही, याचं आता नवल वाटतं.

बायका खालून सुपारीच्या घडाचं शिपटं द्यायच्या, तोरंजनाचं मोठं लिंबू द्यायच्या. केवणीच्या झाडाच्या सालीचा दोर मात्र तुझ्याच हातात. कैद्यांच्या हाती दोर द्यायचा नाही हा नियम, ठाऊक आहे. पण मी तर कैदी नव्हते! मलाही तू दोराला हात लावू दिला नाहीस. तुला भीती वाटायची, की ते काम तुला इतकं आवडायचं की वाटून घ्यायची इच्छाच नव्हती? खरं सांग, मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

कारण तू निवृत्त झालीस आणि पुढच्याच चवथीला चौकट रिकामी राहिली. मग कुणीतरी म्हापशाच्या बाजारातून प्लास्टिकची फळं आणली. दरवर्षी तीच धुऊन टांगतो आम्ही. त्यातल्या सफरचंदाचा रंग आता पार उडाला आहे.

प्रशिक्षणाहून येताना प्रत्येकीने आपल्या विभागातली एक प्लास्टिकची गोष्ट कायमची बंद करायचं कबूल केलं. मी माटोळी घेतली. आल्यावर बायकांना विचारलं, कुणाला बांधता येते का? कोपऱ्यातून एकच हात वर आला. रजनीचा.

रजनी तू गेल्यावर आली. डिचोलीची, खटला अजून उभा राहायचा आहे. आल्यापासून महिन्याभरातच तिने साडीचा पदर गळ्याशी आवळला होता, वेळेवर दिसलं म्हणून वाचली. तेव्हापासून तिला एकटी सोडायची नाही असा हुकूम आहे. वडील गावातल्या घरांतून माटोळ्या बांधायचे, ही त्यांच्या मागून दोर घेऊन फिरायची. आणि आता मी तिच्या हातात दोर द्यायचा?

अधीक्षकबाईंची परवानगी मागितली. जबाबदारी तुझी, असं लिहून दे, म्हणाल्या. दिलं लिहून. सही करताना काळजी होती ती नोकरीची कमी आणि तिची जास्त.

आज सकाळी सराव होता. रजनी स्टुलावर चढली. मी तिला कमरेला घट्ट धरून उभी. तिने दोन वेळा गाठ मारायचा प्रयत्न केला, मग वळून खाली बघितलं.

"बाय, तुमी म्हाका अशी धरून रावल्यार हांव गांठ कशी मारूं?"

मावशी, त्या क्षणी तू काय केलं असतंस? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. स्वतः चढली असतीस ना स्टुलावर? माझ्याही मनात तेच आलं. पण मला गाठ येतच नव्हती, आणि ती तुझ्यामुळेच येत नव्हती! मी हात सोडले.

तिने तवशी काकडी बांधली, नारळ बांधले. मग विभागातल्या दुसऱ्या दोघींना जवळ बोलावून सालीचा पीळ कुठे द्यायचा ते दाखवलं. मी फळं पुरवत होते आणि डोळे तिच्या हातांवरून हलत नव्हते.

काम संपलं. दोर बराच उरला होता. मी मागितला नाही. मागायचा नाही असं ठरवलं होतं. रजनी खाली उतरली, दोराची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातावर ठेवली.

"दोर उरलो. चवथीक परत लागतलो. तुमी दवरात."

परत लागेल, तुम्ही ठेवा, म्हणे! चवथीला अजून दहा-बारा दिवस आहेत, मावशी. इतक्या पुढचं ती आजवर कधी बोलली नव्हती.

मी वचन देते. चवथीला स्टुलावर चढणार नाही, खालून फळंच देईन. गाठ रजनीकडून शिकेन, आणि माझ्यानंतर जी मुलगी नोकरीला लागेल तिला पहिल्याच वर्षी शिकवेन. तिने हात पुढे केला की तुझ्यासारखी दोर मागे ओढणार नाही.

तुझ्यावर थोडीशीच रागावलेली,
तुझी
सुमन