पांढऱ्या मक्यातले पिवळे दाणे

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, लोकांचे कपडे शिवून घर चालवलेली विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. फार थकले आहे, म्हणून थोडक्यात.

१. राहतं घर मुलाला. छप्पर गळतं हे त्याला सहा वर्षं सांगते आहे. आता त्याच्याच डोक्यावर गळेल.

२. बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र मुलीला. यंत्र कापड उजवीकडे ओढतं, ते तिला माहीत आहे.

३. हाताची गिरणी आणि राखेच्या पाण्यात मका उकळून साल काढायचं लोखंडी पातेलं, हेही मुलीलाच. मुलगा म्हणतो, "आई, पीठ दुकानात मिळतं, कशाला जीव काढतेस?" त्याच्याशी वाद घालायचं मी सोडलं आहे.

४. सासूबाईंनी दिलेलं पांढऱ्या मक्याचं बियाणं. कणसाच्या मधले दाणे बियाण्याला, टोकाचे खायला, असं त्यांनी शिकवलं. ते मी कोणालाच देऊ शकत नाही, कारण ते माझ्याकडे नाही. अकरा वर्षांपूर्वी मी डब्याचं झाकण नीट लावलं नाही आणि उंदरांनी ओंजळभरच दाणे ठेवले. मी धान्यवाल्याकडून तसाच दिसणारा मका आणला, त्यात मिसळला आणि पेरला. कणसं सोलली तर पांढऱ्यात पिवळे दाणे. कुंपणापलीकडे धाकटे दीर पिवळा मका लावत. वाऱ्याने तुमच्या मक्याचा पराग माझ्या मक्यात आला, आईंची ठेव बुडवलीत, असं मी त्यांना चारचौघांत बोलले. त्यानंतर त्यांनी तिथे मका लावला नाही आणि माझ्याशी बोलले नाहीत. पलीकडे आता मक्याचं एक ताट नाही, तरी माझ्याकडे पिवळे दाणे येतातच. ते निवडून मी कोंबड्यांना टाकते. दोष माझा होता. मला त्याची लाज वाटते.

५. दिरांना या मृत्युपत्राने काहीही देत नाही. हे रागाने नाही. ज्याला मिळणार त्याने साक्षीला सही करू नये, असं वकील म्हणाले, आणि मला त्यांची सही कलम चारखाली हवी आहे. मी गेल्यावर त्यांना कळून काय उपयोग?

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. वकिलांचा कारकून (सही) २. धाकटे दीर (सही)
ठिकाण: घराची मागची खोली. दिनांक: ९ एप्रिल.

सह्या झाल्यावर लिहिलेलं, मृत्युपत्राचा भाग नाही:

भावजींनी कलम चार दोनदा वाचलं. चष्मा पुसला. म्हणाले, "वहिनी, धान्यवाल्याने मला त्याच वर्षी विचारलं होतं, तुमच्या घरी मका विकत का घ्यावा लागला म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

सही करून घरी गेले आणि एक कणीस घेऊन आले. पांढरं, एकही दाणा पिवळा नाही. आईंनी थोडं बियाणं त्यांनाही दिलं होतं. ते दरवर्षी बायकोच्या माहेरी चार ओळी लावतात.

"यंदा तुमचं काही पेरू नका," म्हणाले. "हे पेरू या. पेरणीला अजून दोन महिने आहेत."

मी म्हटलं, तेवढी थांबते.