नळीतली सोलकढी

प्रिय गंगारामा,

पत्र बघून हसू नको. फोन केला की "बरो आसंय, आक्का" म्हणतोस आणि फोन सून शर्मिलेच्या हातात देतोस. म्हणून शाळेत बाईंनी शिकवलं तसं कागदावर लिहितेय. बोट ठेवून सावकाश वाच. तुला तसंच वाचता येतं.

स्वादुपिंड नावाचं काही पोटात असतं हे मला तुझ्यामुळे कळलं. गोव्याच्या डॉक्टरांनी त्याचा गाठीवाला तुकडा काढला आणि तू चालत घरी आलास. तेव्हा म्हटलं, हा रेडा यमालासुद्धा ओढवला नाही. पण आता ऐकते ते बरं नाही. श्वास ओढून गोळे वर चढवायचं यंत्र तू नातीला खेळायला दिलंस. अंगणात फेऱ्या मारायच्या सोडून आडवा पडून राहतोस, कारण बघायला येणाऱ्यांना उभा आजारी पटत नाही. जेवणाबरोबरची गोळी तुला आंचवल्यावर आठवते. एवढंच असतं तर मी नुसती हसले असते.

पण पोटातल्या नळीची पिशवी तू शर्मिलेला रिकामी करू देत नाहीस. स्वतः जाऊन माडाच्या मुळात ओततोस. काल तिने बघितलंच. पाणी गढूळ, तांबूस, वास मारणारं. तू तिला म्हणालास, सोलकढी प्यायलो त्याचा रंग. अरे गाढवा, ती नळी जेवणाच्या वाटेवर नाही. शिवलेल्या जागी काही गळतं का ते कळावं म्हणून ठेवलीय. आणि खरंच तिच्यातून कढी येत असेल, तर आतली शिवण सुटली समज. गोधडीखाली तुझे दात वाजतात तेही तिने ऐकलंय.

का लपवतोस ते मला ठाऊक आहे. परवा जत्रा, आणि मानाचा नारळ तुझ्या हातचा.

आमच्या ह्यांचंही पोटाचंच ऑपरेशन होतं. भात मळून होईपर्यंत घोंगडीत कुडकुडत राहिले. मला म्हणायचे, "थंडी पडली गो." मी आपली त्यांना म्हातारा म्हणून चिडवत होते. गाडी आणली तेव्हा ते मला ओळखत नव्हते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं होतं बाई, ताप आला तेव्हाच आणायला हवं होतं. त्या साली भात चांगलं पिकलं. मी एकटीने वर्षभर खाल्लं.

आता शाळेतली भाषा पुरे. गंग्या, माका चिडवूक तू एकटोच उरलंस. नारळ यंदा तुझो झील, पोरगो सर्वेश देतलो. देवाक गाऱ्हाणा मी घालून इलंय, देव रागावलो तर माझ्यार रागावतलो. ह्या पत्र घेवन इलेलो गाडीवालो सिद्धेश खळ्यात उभो आसा, तेका चाय विचारू नको. गाडी मीच सांगलंय. डॉक्टरांका शर्मिलान फोन केल्यान, ते वाट बघतत. तू बोट ठेवन वाचीपर्यंत तिना तुझ्या कपड्यांची पिशवी भरल्यान. म्हणान तर इतक्या लांब लिवलंय. तोंडार सांगलंय असतंय तर तू भांडत बसलो असतंस.

ऊठ. नळी सांभाळून चल.

तुझीच, गाडीत मागच्या सीटवर बसलेली,
सावित्री आक्का